आईंची वाचणारी बाई

भावोजी,

"वहिनी, नाव ओळखीचं नाही म्हणून काहीही काढून टाकू नका, आधी मला विचारा," असं तुम्ही बजावलं होतंत. मी हसण्यावारी नेलं. रविवारी कॉम्प्युटरवर सारख्या जाहिराती उघडायला लागल्या, तेव्हा फुकटच्या गेमबरोबर घुसलेला प्रोग्रॅम मी शोधून काढून टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. पण बाळाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमध्येच, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. विचित्र नावाचं आणखी एक काहीतरी मागे सतत चालू दिसलं, तेही उडवलं.

आईंना दिसेनासं झाल्यावर बाईच्या आवाजात पेपर वाचून दाखवायला तुम्ही बसवलेला प्रोग्रॅम तो हाच, हे आज कळलं. रविवारपासून त्या हेडफोन लावून नुसत्याच बसत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, "बाईचा घसा बसलाय गं, येईल आवाज." आज मी खरं सांगितलं. "असू दे," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

मला तो परत बसवता आला नाही. बाळाला ताप आहे, डॉक्टरकडे निघालेय. जेवण झाकून ठेवलंय. कॉम्प्युटरचं नंतर बघा, आधी आईंच्या खोलीत जरा डोकावा.

वहिनी