स्वच्छतागृहाचे दार पळीने वाजवू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
नगर सार्वजनिक वाचनालय,
पाईन नॅरोज, ऑंटारियो.

विषय : तळमजल्यावरील स्वच्छतागृहाचे दार वाजवण्यास केलेली मनाई उठवणेबाबत.

संदर्भ : १) आपला दि. १४ फेब्रुवारीचा आदेश. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (पोच मिळाली, उत्तर नाही.)

महोदया,

मी, आयली कोस्केला, या वाचनालयात एकोणीस वर्षे सफाईचे काम करते. माझी तक्रार पुढीलप्रमाणे आहे, ती कृपया शेवटपर्यंत वाचावी.

१. बाहेर उणे तीस अंश असते तेव्हा नशा करणारी माणसे आपल्या स्वच्छतागृहात येतात. ती येऊ नयेत म्हणून नोव्हेंबरात तेथला पांढरा दिवा काढून निळा बसवण्यात आला. निळ्या उजेडात शीर सापडत नाही, हे खरे आहे. परंतु शीर सापडली नाही म्हणून कोणी सुई खिशात घालून घरी गेल्याचे मी पाहिलेले नाही. माणसे चाचपडत चार ठिकाणी टोचून घेतात, मग हात सुजतात, पू होतो. वापरलेल्या सुया टाकायची पिवळी पेटीही 'चुकीचा संदेश जातो' म्हणून काढली. संदेश गेला की नाही ठाऊक नाही, सुया मात्र कचऱ्याच्या पिशवीत गेल्या आणि डिसेंबरात त्यातली एक माझ्या तळहातात. तेव्हापासून माझ्या रक्ततपासण्या चालू आहेत. शेवटची अजून बाकी आहे.

२. पुडीत काय मिसळले आहे हे हल्ली विकणाऱ्यालाही माहीत नसते. कोणी येईल या धास्तीने माणूस कडी लावतो, घाईत एकदम सगळे घेतो, आणि श्वास थांबला तर हाताशी चारपाच मिनिटे असतात. म्हणून मी दर तीन मिनिटांनी दार वाजवत असे. आतून "आहे जिवंत!" असे ओरडले की मी पुढची फरशी पुसायला घेई. आपल्याकडे आलेली एकमेव तक्रार श्री. थिबो यांची. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि नशा करीत नाहीत. ते आतून ओरडले होते, "अहो बाई, मेलो नाही मी, बद्धकोष्ठ आहे मला!" मी त्यांची माफी मागितली, सुके आलूबुखारही दिले. त्यांनी ते घेतले आणि तक्रारही केली. त्यावर 'वाचकाच्या खासगीपणाचा भंग' म्हणून दार वाजवण्यास मनाई झाली.

३. आता जे तिन्ही अर्जांत लाजेपोटी लिहिले नाही ते लिहिते. रोज अकराच्या सुमारास हिरवे जाकीट घातलेली जी मुलगी येते, ती माझी लेक कायसा. वय सव्वीस. ती घरी राहत नाही, माझा फोन घेत नाही. पण आम्हा फिन लोकांच्या घरी सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानखोलीत, कोणी एकटे बसले, तर बाहेरच्याने मधूनमधून भिंत वाजवायची आणि आतल्याने तापलेल्या दगडांवर पाणी ओतायची पळी दोनदा आपटून उत्तर द्यायचे, अशी पद्धत आहे. तो आवाज ती लहानपणापासून ओळखते, म्हणून मी घरची पळी आणली. ती दारावर वाजवली की कायसा आतून दोनदा टकटक करी. कधी चिडून म्हणे, "आई, जा ना गं, फरशी पूस तुझी." दिवसभरात मला तेवढे पुरत असे.

४. सोमवार दि. ४ मार्च रोजी ती आत गेली. आपला आदेश मानून मी दाराबाहेर अकरा मिनिटे गप्प उभी राहिले. त्या अकरा मिनिटांसाठी मी स्वतःला कधी माफ करणार नाही. मग पळी वाजवली. उत्तर आले नाही. बर्फाच्या फावड्याने कुलूप तोडले. ती खाली पडली होती. श्वास बंद पडला की ओठ निळे होतात, असे प्रशिक्षणात शिकवले होते. परंतु महोदया, आपल्या दिव्याखाली सगळ्यांचेच ओठ निळे दिसतात. मी तिला ओढत बालविभागातल्या उजेडात आणले, मग नाकात नशा उतरवणाऱ्या औषधाचा फवारा मारला. दुसऱ्या फवाऱ्यानंतर ती खोकली.

५. कुलूप तोडल्याबद्दल माझी स्केटिंगच्या बर्फाच्या रिंकवर बदली झाली आहे, येत्या सोमवारपासून. बदली मला मान्य आहे. कुलूपही भरून देते. कायसा मात्र सोमवारी अकरा वाजता इथेच येणार आहे. ती नशेतून सुटावी म्हणून मी काय काय केले ते इथे लिहीत नाही. ती सुटेपर्यंत ती जिवंत असावी, एवढेच मागते. तरी पांढरा दिवा आणि पिवळी पेटी परत बसवावी, आणि माझ्या जागी जो कोणी येईल त्याला दार वाजवण्याची परवानगी लेखी द्यावी. सोमवारच्या आत द्यावी. मी हात जोडते.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आयली कोस्केला
दि. ७ मार्च २०२४

सोबत :
१) तुटलेले कुलूप.
२) पांढरा दिवा, नवा.
३) लाकडी पळी. नव्या माणसास द्यावी. मुठीने दार वाजवू नये. मुठीचा आवाज आला की पोलीस आले असे समजून कायसा गप्प राहते. पळीला उत्तर देते. दोनदा वाजवावी आणि कान देऊन थांबावे.