कपाटातला बिशप

लंडन, मंगळवार

आई,

तुझ्या हट्टी एनिडचा गोड पापा. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. आणि रेशनची साखर मला पाठवू नकोस, तूच खा. गुडघा कसा आहे?

आमच्या नाटकाचा सिनेमा होतोय आणि मोलकरीण मीच आहे! मी कपाट उघडते, तर आत बिशप लपलेला. मी विचारते, "चहा आतच आणू का?" नाटकात इथे हशा पिकायचा आणि तो ओसरेपर्यंत मी थांबायचे. चित्रीकरणात मात्र सगळे चिडीचूप. तरी सवयीने थांबलेच. दिग्दर्शक हॅलम ओरडले, "बाई, बसची वाट बघतेस का?" वाटलं, आता मला काढणार.

दुसऱ्यांदाही थांबले. तेवढ्यात वर दिवे सांभाळणारा माणूस फिस्सकन हसला. त्या आवाजाने सगळं चित्रण फुकट! हॅलम त्याच्यावर उखडले, मग मला म्हणाले, "राहू दे तुझं थांबणं. थिएटरातही लोकांना हसायला वेळ हवाच."

गुडघ्यामुळे तुला नाटक बघता आलं नाही. सिनेमा तर आपल्या कोपऱ्यावरच्या थिएटरातच येईल. बाबा गेल्यापासून तुझं हसणं ऐकलं नाही गं. कपाट उघडून मी गप्प उभी राहिले की समज, तुझ्यासाठीच थांबलेय.

तुझीच,
एनिड