बेचाळीस नंबरच्या पाकोळ्या

रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

अख्ख्या मजल्याने मला पाहिलं. गाऊनवर, हातात झारा, गॅलरीत उभी राहून "मेले, मेले" ओरडताना. वय सेहेचाळीस! शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली, पालक मला घाबरतात.

झालं एवढंच की पुऱ्या तळत होते आणि डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं. वाटलं, काळी पिशवी उडून आली. पिशवी भिंतीवर जाऊन बसली आणि तिला कान होते.

राकेश, माझा नवरा, मोरीत होता. तो मोरीचा पडदा धरून तिथेच राहिला. सोडवलं ते आईंनी. (आई म्हणजे सासूबाई, पुतळाबाई. माझी स्वतःची आई असती तर माझ्याबरोबर गॅलरीत असती.) त्यांनी त्या जिवावर तांदूळ धुवायची रोवळी उपडी घातली, मागून कॅलेंडरचं पान सरकवलं, खिडकीशी नेऊन सोडून दिलं. वय अठ्ठ्याहत्तर.

"अगो, पाकोळी ती. केवडीशी! तुका काय गिळतली होती?"

पाकोळी म्हणजे पिटुकलं वटवाघूळ. पुऱ्या कोळसा.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज दोन. एक राकेशच्या शर्टाला लटकलेली. शर्ट गॅलरीत, राकेश मोरीत.

येतात कुठून ते कळलं. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारची बेचाळीस नंबरची खोली यांच्यात फक्त लाकडी पार्टिशन आहे, आणि ते वर कौलांपर्यंत पोचत नाही. वास तिथूनच येतोय. मी दोन महिने आईंच्या सुकटीच्या डब्याला बोल लावत होते.

चाळीचे चेअरमन म्हणाले, "धूरवाला बोलावतो वहिनी. एका दुपारीत साफ." मी लगेच हो म्हटलं. "जास्त धूर करायला सांगा" असंही म्हटलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी प्राण्यांवर किती प्रेम करते हे सांगायला लागले तर पुरावा राहील.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

शाळेतल्या सायन्सच्या बाईंना धुराचं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पेपर फोडलाय! त्यांनीच पूर्वी नावाच्या एका मुलीचा नंबर दिला. ही मुलगी घरात शिरलेले साप, घुबडं, पाकोळ्या न मारता बाहेर काढते. पंचवीसेक वर्षांची, पाठीला सॅक, बोलणं राजधानी एक्सप्रेस.

संध्याकाळी पावणेसातला आम्हा तिघांना तिने गॅलरीत उभं केलं आणि वर बघायला लावलं. बेचाळीसच्या कौलांखालून एकेक करून निघाल्या. थेंब गळावेत तशा. मी एकोणसाठ मोजल्या, राकेशने चाळीस (तो खुर्चीच्या मागून मोजत होता), पूर्वीने त्रेसष्ट.

"या फक्त किडे खातात, काकू. डास पण. अंगठ्याएवढी फट पुरते त्यांना. बाहेर गेल्यावर परत येता येणार नाही असं करायचं आणि मग फट बुजवायची. पण आधी आत बघायला लागेल. ही खोली कोणाची?"

आई वळून आत गेल्या. राकेश म्हणाला, "बंद असते."

शनिवार, २४ फेब्रुवारी

खोली रामचंद्रमामांची. आईंचा सख्खा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, गिरणी बंद पडल्यावर कुठे वॉचमन, कुठे हमाल, पण जेवायला नेहमी आमच्याकडे. २०१५च्या मार्चमध्ये एका सकाळी कुलूप लावून गेले ते गेलेच. कॉटन ग्रीनला एका गोदामाची राखण करतात, तिथेच राहतात.

त्या आठवड्यात आईंचं आणि त्यांचं लाइटच्या मीटरवरून वाजलं होतं. म्हणून सगळी चाळ म्हणते, मीटरवरून गेला. आईही तेच म्हणतात. नऊ वर्षं घरात त्यांचं नाव निघत नाही.

राकेशला म्हटलं, मामांना फोन कर. "मी? आई मला खाईल." मग कोण करणार? त्याने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. नंबर काढलेलाच होता.

सोमवार, २६ फेब्रुवारी

फोन लावला. रिंग जायच्या आत कापला.

बुधवार, २८ फेब्रुवारी

परत तेच. हाच फोन एखाद्या पालकाला करायचा असता तर आतापर्यंत तो रडला असता.

शनिवार, २ मार्च

शेवटी फोन न करताच गेले. म्हणजे ते घरी नसले तर बरं, असा हिशेब. होते!

गोदामाच्या कडेला पत्र्याची खोली. एक खाट, एक स्टोव्ह. मामा केवढे लहान दिसतात आता. मला बघून आधी शर्टाची बटणं लावली. "ये सूनबाई. बस. तुझ्या लेकीचं, अनुजाचं, पुण्यात बरं चाललंय ना?" मी पाकोळ्यांचं सांगितलं, भरभर, शाळेची नोटीस वाचतात तसं. त्यांनी उशीखालून चावी काढून माझ्या हातात दिली. एक प्रश्न नाही.

चहा टाकला. मध्येच उठले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाहेर खोकत होते. बराच वेळ. मग तोंड पुसत आत आले आणि म्हणाले, "साखर कमी तर नाही ना?"

स्वतःच्या खोलीत खोकत नाहीत. मी समोर बसले होते म्हणून.

आता लिहिलंच पाहिजे. नऊ वर्षं कुठेच लिहिलं नाही, इथेसुद्धा नाही. अनुजाची दहावी चालू होती. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. पार्टिशनपलीकडे मामा सकाळपासून खोकत होते. अनुजा कानात बोटं घालून बसलेली. मी मोठ्याने म्हटलं, अगदी ऐकू जावं म्हणूनच म्हटलं — "खोकून खोकून जीव घेतलाय, मरत पण नाही म्हातारा!"

पलीकडे खोकला थांबला. एकदम. तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा.

चौथ्या दिवशी कुलूप.

आई तेव्हा नळावर होत्या, राकेश कामावर. मग मीटरचं भांडण आयतं मिळालं. मी कोणालाच काही बोलले नाही. झाऱ्यानिशी किंचाळणारी बाई या बाबतीत नऊ वर्षं गप्प बसू शकली, मानलं पाहिजे!

रविवार, ३ मार्च

बेचाळीस उघडली. जमिनीवर काळ्या लेंड्यांचा थर. पूर्वीने सगळ्यांना मास्क दिले; आधी पाणी शिंपडा, मग गोळा करा, कोरडं झाडू नका, धूळ छातीत जाते. मास्क मी उलटा घातला होता. नाकावरची पट्टी हनुवटीवर. तासभर कोणी सांगितलं नाही.

पूर्वी शिडीवर चढली. कौलांखालच्या तक्तपोशीची एक फळी सुटलेली होती, तिथून टॉर्च मारला आणि उतरून हळू आवाजात म्हणाली, "पिल्लं आहेत, काकू. अजून केससुद्धा आले नाहीत. आत्ता जाळी लावली तर आया बाहेर अडकतील आणि ही आत उपाशी मरतील. सहा आठवडे थांबायचं."

सहा आठवडे!

"तुम्ही पण बघा ना," म्हणाली. मी तिसऱ्या पायरीपर्यंत गेले. डोळे मिटून. मग एक उघडला. शेंगदाण्याएवढा गुलाबी गोळा, आईच्या पोटाला घट्ट. उतरताना एक पायरी चुकले. शिडीमुळे.

आई उंबऱ्यापर्यंत आल्या. आत नाही. मामांची खाट बघत होत्या. "चादर धुवक् टाक," एवढंच बोलल्या.

मंगळवार, १२ मार्च

पूर्वीच्या सांगण्यावरून पार्टिशनच्या वर प्लायवूड ठोकून घेतलं, म्हणजे आमच्याकडे येणार नाहीत. राकेशने ठोकलं. चार खिळे, एक अंगठा.

रविवार, १७ मार्च

धूरवाला आला. चेअरमननी परस्पर बोलावला. माझंच त्या दिवशीचं "हो" धरून!

मी बेचाळीसच्या दारात स्टूल टाकून बसले. चेअरमन म्हणाले, "वहिनी, तुम्हीच तर म्हणालात." म्हटलं, म्हणाले होते. आता नाही म्हणतेय. आत पिल्लं आहेत. "खोली तुमची आहे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मामांची आहे. चावी माझ्याकडे आहे."

राकेशचे मामा. कधी 'माझे' म्हटलं नव्हतं.

धूरवाला गेला. मी उठू शकले नाही. शौर्य वगैरे नाही, पाय झोपला होता. राकेशने ओढून उठवलं.

शनिवार, ३० मार्च

आता रोज संध्याकाळी मोजते. काल ऐंशी. म्हणजे पिल्लं उडायला लागली! शाळेत सगळ्यांना सांगितलं. सायन्सच्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन, जसं काही तुम्हीच..." पुढचं बोलल्या नाहीत. बरं झालं.

शुक्रवार, १२ एप्रिल

पूर्वीला एकच फट सापडलीय, पण पाकोळ्या दोन ठिकाणांहून निघतात. उद्या जाळी लावायची, दुसरी फट राहिली तर सगळं फुकट. ती कौलं मामांनी स्वतः शाकारलेली. त्यांनाच ठाऊक असणार.

फोन लावला. रिंग जाऊ दिली. त्यांनी उचलला आणि मी म्हटलं, "मामा, या ना घरी."

ते म्हणाले, "येतो हां. येतो."

शनिवार, १३ एप्रिल

आले. तीन जिने, प्रत्येक वळणावर थांबून. धुतलेला शर्ट, हातात केळ्यांची फणी. आई दारातच उभ्या होत्या.

"चाय टाकू?" आई म्हणाल्या.

"टाक."

बस्स! नऊ वर्षांचं एवढंच. मी डोळ्याला पदर लावला. पूर्वी म्हणाली, "काकू, धूळ गेली का? मास्क घाला."

मामांनी खालून काठीने दाखवलं — पन्हाळीच्या मागे, कोपऱ्यात. तिथेच होती फट. पूर्वीने दोन्ही फटींवर बाहेरून जाळी ठोकली. वर आणि बाजूंनी घट्ट, खाली मोकळी. सरपटत खाली बाहेर पडता येतं, परत वर शिरायची वाट सापडत नाही. संध्याकाळी आम्ही पाचजण गॅलरीत. पहिलीने जाळीत जरा धडपड केली. मग सुटली, उडाली. मागोमाग बाकीच्या.

चहा पिताना आई म्हणाल्या, "मी मीटरावरना तुका बोलललंय, म्हणान तू गेलस."

मामा बशीत फुंकर मारत म्हणाले, "नाय गो. हयसून काम लांब पडा होता."

मी दुसऱ्यांदा चहा गाळत होते. गाळलेलाच गाळत होते. बोलायची जागा तीच होती. नाही बोलले.

शनिवार, २० एप्रिल

आठवडाभर मोजतेय. काल शून्य. पूर्वीने आज आत टॉर्च मारून प्रत्येक कोपरा बघितला, मग सिमेंट आणि जाळीने फटी बुजवल्या. पैसे घेईना. केळीही घेईना. आईंच्या हातची सोलकढी मात्र तीन ग्लास प्यायली. म्हणाली, समोरच्या पिंपळापलीकडच्या जुन्या गोदामात पाकोळ्यांनी जागा धरली असेल.

संध्याकाळी सवयीने गॅलरीत गेले. आकाश रिकामं. चुकल्यासारखं वाटलं. धूर जास्त करा म्हणणाऱ्या बाईला!

मामा एक तारखेला राहायला येतायत. मी जाम खूश. मजल्यावरच्या चौघींना सांगून झालं की भावाबहिणीला मी एकत्र आणलं.

रविवार, २१ एप्रिल

आज सांगितलं. आई एकट्याच होत्या, तांदूळ निवडत. मीटर नव्हे, मी — काय म्हणाले ते शब्द न् शब्द सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"माका म्हायत आसा. त्या दिवशी नळाक पाणी नव्हता, मी लगेच परत इल्लंय. दारात होतंय."

मीटरचं मग?

"तां मीच सगळ्यांका सांगितलंय. चाळीन तुका नावां ठेवली असती. पोरीची धावी होती."

आणि मामा? नऊ वर्षं भावाचं तोंड...

"दर म्हयन्याक जातंय मी तेच्याकडे. किती सांगितलंय, घराक चल. तो म्हणा होतो, सूनबाय बोलवतली तेव्हा येतलंय."

नऊ वर्षं. आणि मी बोलावलं ते पन्हाळीमागची फट दाखवायला!