ठमीचं शेवटचं बाळंतपण

२ मार्च, संध्याकाळ
ऐतिहासिक दिवस. ठमीला कर्नलांच्या बॉक्सरकडे नेऊन आणलं. (कर्नल सैन्यातले नव्हेत, विम्यातले. मिशांमुळे नाव पडलं.) तासभर दोन्ही कुत्री एकमेकांकडे पाठ करून बसली होती. कर्नल म्हणाले, आज काही जुळलं नाही, परवा परत आणा. म्हटलं, तीस वर्षं बॉक्सर पाळतोय, मला डोळ्यांवरून कळतं. पाठ करून बसणं हा जातिवंत संकोच आहे. मधे आम्ही चहाला आत गेलो होतो, तेव्हाच काय ते झालं असणार.

३ मार्च
ठमी माझ्या पहिल्या कुत्रीची पणती. चारही पिढ्या याच घरातल्या. आता ती सहा वर्षांची. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणतात, यानंतर पिल्लं नकोत. म्हणजे हे शेवटचं. गादी चालवायला एक मादी घरात ठेवायची, बाकीची वाटायची. ऑफिसात साहेबांना एक कबूल करून टाकलं.
बायको म्हणाली, बाजारात तुरी. पुढची अर्धी म्हण तिने गिळली, पण माझ्याकडे बघत.

१९ मार्च
ठमीने सकाळचं जेवण नाकारलं. डोहाळे! संध्याकाळी स्वतःचं सगळं आणि माझं थोडं खाल्लं. हेही डोहाळेच.
संकल्प : रोज दोन अंडी, कलेजी, दूध. तिला.

४ एप्रिल
पोट दिसायला लागलं. चाचपून पाहिलं. चार आहेत. बायको म्हणाली, ती अंडी आहेत. अरसिक बाई.
खालच्या मजल्यावरच्या वकिलांना एक कबूल. दाताच्या डॉक्टरांनाही एक. मी त्यांच्या खुर्चीत बसून विचारलं असतं तर गोष्ट वेगळी, पण मी त्यांना जिन्यात गाठलं. नाही म्हणायला त्यांना जागाच नव्हती.

१२ एप्रिल
पुन्हा चाचपलं. सहा! एकाचा खालचा जबडा पुढे आलेला चक्क हाताला लागला. अस्सल बॉक्सर.
कुत्र्यांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, एकदा घेऊन या, सोनोग्राफी करू. म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला?
पांढरं पिल्लू डॉग शोच्या रिंगणात चालत नाही. तेव्हा पांढरं निघालं तर ते तुला, असं बायकोला सांगितलं. ती उठून आत गेली. गहिवरली असावी.

१३ एप्रिल
बायकोने विचारलं, इतकं घराणं घराणं करता, जिंकलंय काय त्यांनी? ठमीच्या आजीची तिसऱ्या नंबरची रिबीन काढून दाखवली. किती कुत्री होती म्हणे त्या वर्गात. हा प्रश्न गौण आहे. (तीन.)

२२ एप्रिल
सुतार बाळंतपणाची पेटी देऊन गेला. पेटी बेडरूममध्ये बसवली. त्यामुळे पलंग बाहेरच्या खोलीत. बायकोही पलंगाबरोबर गेली. मी पेटीशेजारी गादी टाकली आहे. पाठ धरली, पण धन्याने एवढं सोसायलाच हवं.

२८ एप्रिल
दूध आलं!! आता बोला.
बायकोने स्वतः येऊन बघितलं. मग कुणी सांगितलं नसताना जुनी चादर फाडून मऊ फडकी केली, घडी घालून पेटीजवळ ठेवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.
कर्नलांना फोन केला. शक्यच नाही म्हणाले. म्हटलं, घोडामैदान जवळ आहे.

३ मे
उद्यापासून रजा. कारण : घरात बाळंतपण. साहेबांनी लगेच सही केली आणि माझं पिल्लू लहान असावं म्हणाले, नर चालेल. बाकीच्या ऑफिसने माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. बायकोचं वय त्यांना माहीत आहे.

४ मे, सकाळ
त्रेसष्ट दिवस भरले, आजचीच तारीख. ठमी पेटीत शिरली. खरवडते आहे, धापा टाकते आहे. फडकी, गरम पाणी, कात्री तयार.

दुपार
काहीतरी चाटते आहे. पहिलं आलं!!!

थोड्या वेळाने
बायकोची डावी चप्पल.

६ मे
उशीर होतो आहे. कुटुंब मोठं असलं की निघायला वेळ लागतोच.
चप्पल उचलायला गेलो. ठमी माझ्यावर गुरगुरली. आजवर कधी गुरगुरली नव्हती. बायको दुसरी जोडी घालून फिरते आहे.

७ मे
शेवटी सोनोग्राफी. पडद्यावर काहीच नव्हतं. म्हटलं, मशीन बिघडलंय. डॉक्टरांनी मशीन फिरवून नीट दाखवलं. काहीच नाही. कधी नव्हतंच. मनाने घेतलं की शरीर घेतं, दूधसुद्धा येतं, कुत्र्यांत होतं असं, म्हणाले. पोट मात्र खरं आहे, ते अंड्यांचं.
उपाय सांगितले. जेवण अर्धं. पोटावरून हात फिरवायचा नाही. पेटी काढून टाकायची. कवटाळून बसेल त्या वस्तू गुपचूप उचलायच्या. लांब फिरायला न्यायचं. कौतुक अजिबात नाही. तीन आठवड्यांत विसरते.
बायकोने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, आणि माणूस किती दिवसांत विसरतो? डॉक्टर म्हणाले, त्यांचं सांगता येत नाही.

८ मे
पेटी माळ्यावर. पलंग परत जागेवर. भिंतीवरचे ठमीच्या आजी-पणजीचे फोटो दिसत नाहीत. माझ्या ताटात निम्मंच वाढलं गेलं. विचारलं तर बायको म्हणाली, उपाय सगळ्यांना सारखे.
साहेब, वकील, दाताचे डॉक्टर, तिघांना फोन करायचे आहेत. उद्या करीन. कर्नलांचा आला होता, घेतला नाही.
ठमीनंतर या घरात ठमी नाही. दुपारभर याच्यापलीकडे काही सुचलं नाही. रडलो थोडा. बाथरूममध्ये, नळ सोडून.
संध्याकाळी ठमी पेटीच्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. चारी पाय चौकोनात, पाठ सरळ, मान वर, नजर समोर. हलणं नाही. रिंगणात अशी उभी राहावी म्हणून सहा वर्षं घसा कोरडा केला, एकदाही राहिली नाही. आज राहिली. पहिला नंबर. डोळे मिटून पहिला नंबर!
ओरडून बायकोला बोलावलं. ती दारात आली, बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, कौतुक करायचं नाही सांगितलंय.
नाही केलं. ठमीच्या शेजारी जाऊन बसलो. दोघंही अर्ध्या जेवणावर.