पिवळ्या दिव्यावरची टिकली

आई, तुझी व्हॅन आता वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत काही कळू न देण्याची सवय तुझी, माझी नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा परत लागलाय आणि मिस्त्रीनं मशीन जोडून बघितलं तर परत बिघाडाचा तोच कोड, ऑक्सिजन सेन्सरचा. सेन्सर म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला बोटाएवढा तुकडा; धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो इंजिनाला कळवत असतो. दिवाळीआधी नवा घातला, दिवा विझला, मी पेढे वाटायच्या बेतात होते. आणि एका दुपारी दाल बाजारात हातठेल्यांच्या मागे अडकलेय, बघते तर दिव्याची स्वारी समोर हजर! मग वायर बदलली, नळीची गळती बंद केली, आणखी एक सेन्सर घातला. मिस्त्री कोड पुसतो, मी शाळेच्या मुलांच्या दोन-चार खेपा करते, की आलाच दिवा. "दीदी, अब तो मुझे भी शरम आने लगी है," म्हणाला बिचारा.

तो दिवा तुझ्या ओळखीचा आहे. तूच झाकला होतास ना? बाबा गेले आणि त्यांची व्हॅन दारात नुसती उभी राहिली, तेव्हा तू गाडी शिकलीस. छावनीतल्या काकू म्हणाल्या, आता ही ड्रायव्हरकी करणार का. तू केलीस. पुढे तो दिवा लागायला लागला आणि शेजारी बसलेलं पोर रोज विचारायचं, आंटी, ये क्या जल रहा है. मला ती सकाळ अजून दिसते. तू स्वयंपाकघरात डबा भरते आहेस, कपाळ मोकळं, आणि मसाल्याच्या डब्यामागून तुझं मरून टिकल्यांचं पाकीट काढतेस. "अख्खं पाकीट पडलंय. मला तर लावायची नाही, मग वाया कशाला घालवायचं?" आणि बाहेर जाऊन दिव्यावर एक टिकली चिकटवतेस, उरलेलं पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात. तू हसलीस. मला काही हसू आलं नाही. पडली की तू नवी लावायचीस, आणि तू गेल्यावर व्हॅन मी चालवायला घेतली तरी शेवटची तशीच राहू दिली. संध्याकाळी तिच्या कडेनं थोडा पिवळा उजेड दिसायचा.

गाडी धक्के द्यायला लागली म्हणून मिस्त्रीकडे नेली, तर त्यानं पहिलं काम काय केलं? नखानं टिकली खरवडून काढली. मी अशी काही ओरडले त्याच्यावर की शेजारचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. आज त्यानं इंजिनाचा प्लग उघडून माझ्यासमोर धरला, काळाकुट्ट, तेलानं माखलेला. "सेंसर तो सच ही बोल रहा था, दीदी. इंजन तेल पी रहा है. जितने नए डालोगे, सब इसी कालिख में मरेंगे. पुरानी बीमारी है, किसी ने देखा नहीं." म्हणजे आम्ही इतके दिवस खरं सांगणाऱ्यालाच बदलत होतो. इंजिन नव्यानं बांधण्याइतकी आता गाडीत जान नाही म्हणाला. उन्हाळ्यात सरकारी फिटनेस तपासणीला नेली की नापास होणार. मग शाळा दुसरी व्हॅन लावेल आणि मी घरी बसेन. दुसरं मला येतं तरी काय?

किसी ने देखा नहीं! आई, त्या क्षणी तुझा इतका राग आला म्हणून सांगू. तुझं सगळं असंच. पोळी लाटता लाटता थांबायचीस, ओट्याला धरून उभी राहायचीस, श्वास पुरायचा नाही. मी विचारलं की, "काही नाही गं, धूर गेला घशात." अगं, गॅसच्या शेगडीला कसला आलाय धूर? कंपू भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि तेही जवळजवळ हेच बोलले होते, बहुत पुराना है. तू माझ्याकडे बघून पदर नीट केलास आणि म्हणालीस, पाच वाजायला आलेत, मुलांना आणायचंय. तेव्हा भांडायला हवं होतं तुझ्याशी. आता कुणाशी भांडू?

पत्ता असता तरी हे तुला पाठवलं नसतं, कारण पुढचं तुला कळू द्यायचं नाहीये. मिस्त्रीनं परत कोड पुसून दिला, गॅरेजमधून निघाले, बाड्याच्या चौकापर्यंतही नीट पोचले नव्हते की दिवा लागला. गाडी कडेला घेतली. उद्या सकाळी मुलं बसणार, विचारणार, त्यांच्या आया विचारणार. कप्प्यातून तुझं पाकीट काढलं. डिंक पार वाळलाय गं, एकही टिकली चिकटेना. मग कपाळावरची माझीच काढली आणि लावली.

घरी आले तर ह्यांचं लगेच लक्ष गेलं. म्हणाले, "टिकली कुठे गेली तुझी?"

म्हटलं, "काही नाही, पडली असेल."