बसून वाजवायचं

बोरी, ता. जिंतूर
रविवार, १९ एप्रिल २०२६

प्रिय पंडितदादा,
सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? अण्णांचं बीपी ताब्यात आहे, तोंड मात्र नाही. जयंतीच्या मिरवणुकीत ऐंशीव्या वर्षी बँडच्या पुढे चालले आणि ढोलवाल्याला तीनदा शिव्या घातल्या.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना हे काय खूळ? पण फोनवर तू "हं, बरे हायत ना सगळे?" म्हणतोस आणि लगेच वहिनींकडे देतोस. वहिनींना हे सांगता येत नाही.

विहाराचा नवा हॉल झालाय. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन आहे, आणि समितीने मला अर्धा तास एकट्याने क्लॅरिओनेट वाजवायला सांगितलं आहे. स्टेजवर, खुर्चीत बसून. समोर लोकही बसलेले, गप्प. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून जेवण जात नाही.

मिरवणुकीत हजार माणसं असली तरी मला काही होत नाही. ती नाचायला आलेली असतात, माझ्याकडे बघतं कोण? सूर हुकला तर ढोल झाकून नेतो. बसलेल्या माणसांची गोष्ट वेगळी. ती ऐकतात.

भीती मोडावी म्हणून सुकेशनीने परवा अंगणात बचत गटाच्या बाया बोलावल्या. बारा बाया, माझ्यासाठी एक खुर्ची. मी सुरुवात केली आणि दम पुरेना. शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, "आरं सिद्धोधन, लग्नात तर गल्ली डोक्यावर घेतूस, आन् आता शेळीवानी का वरडायलायस? पानी पी, बाबा." सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि वाद्य खाली घेऊन, तोंडावरची वेताची पत्ती दाखवत म्हणालो, "पत्ती मोडली वाटतं."

बाया गेल्यावर सुकेशनी चुलीपाशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पत्ती मोडली न्हाई. तुमी मोडली. अंगठ्याच्या नखानं. म्या बघितलं."

इथे उठून गावातून दोन चकरा मारून आलो, दादा. पेन नुसतंच हातात धरून बसलो होतो.

परभणीची स्पर्धा तू विसरला नसशील. अकरा वर्षं झाली. अण्णांनी टेम्पो भरून सगळा बँड आणला होता. पत्ती निवडून, भिजवून, वाद्याच्या तोंडावर कसून द्यायचं काम तुझं. तूही उत्तम वाजवायचास, पण त्या दिवशी मला पुढे केलंस. म्हणालास, "तू वाजीव, मी हाय ना हितं." पडद्याआड माझ्या हातात वाद्य दिलंस आणि खाली जाऊन बसलास.

पडद्याच्या फटीतून मी रांगा बघितल्या. माझं नाव पुकारलं गेलं. आणि मी नखाने पत्तीचं टोक मोडलं.

मोडलं, दादा. मोडली नव्हती ती. तू दिलेली पत्ती चांगली होती.

बाहेर येऊन मी रडत सांगितलं की पत्ती खराब निघाली. मला वाटलं, अण्णा चिडतील, घरी जाऊ, संपलं. अण्णांनी, आपल्या बापाने, सगळ्या बँडदेखत तुला म्हटलं, "एक पत्ती संभाळता यीना तुला, मास्तर काय व्हनार तू?" तू माझ्याकडे बघितलंस. मी बुटांकडे बघत होतो. तू एक शब्द बोलला नाहीस. बँडची मास्तरकी माझ्याकडे आली, आणि तू महिन्याभरात वाळूजच्या कंपनीत निघून गेलास. अण्णा अजून ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगतात. मी तेवढ्यात चहा आणायला आत जातो.

तुला तेव्हाच कळलं होतं का? अकरा वर्षं हाच एक प्रश्न मला कुरतडतोय. कळलं असेल तर तू माझ्यासाठी गप्प बसलास. कळलं नसेल तर इतकी वर्षं स्वतःला दोष देत असशील.

सुकेशनीला सगळं सांगितलं. खरं बोललो म्हणून ती शाबासकी देईल, असा माझा समज. ती म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? ज्याचं नुकसान केलंत, त्याला सांगा." म्हणून अण्णांच्याही आधी हे तुला लिहितोय.

तुझा अपमान चारचौघांत झाला. घरात पाय धरून तो भरून निघणार नाही. म्हणून ठरवलं आहे: बुद्धपौर्णिमेला खुर्चीत बसल्यावर आधी माईक हातात घेईन आणि अण्णांसमोर, सगळ्या गावासमोर हे सांगेन. जसं झालं तसं. मग वाजवेन. सूर फाटेल, लोक हसतील, हसू देत. उठून मात्र जाणार नाही.

तू ये, असं म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. आलास तर पत्तीला हात लावू नकोस. त्या दिवशी काय चुकेल ते माझं.

अण्णांना काय वाटेल ते वाटो. तू रागावलास तरी एकदा फोन वहिनींकडे न देता बोल. शिव्या दे, चालतील.

तुझा धाकटा भाऊ,
सिद्धोधन

(नावापुढे सवयीने 'बँडमास्तर' लिहिलं होतं. ते खोडलं आहे.)