डावं वळण, उजवं वळण

१४ मार्च

प्रिय भाऊ,

तू आणि वहिनी सावरला असाल असं लिहिणार होते, पण कसले सावरताय. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. प्रयोगशाळेत नवा फ्रीज आलाय, तो माझ्याहून जास्त कुरकुरतो. हे लिहिताना कितीदा उठले, खिडकी लावली, परत उघडली.

चिमणी जेवते का? तिला रागावू नकोस. एकोणीस वर्षांची पोर, मैत्रिणीच्या नादाने पर्समध्ये नशेच्या कागदाचे चार तुकडे ठेवले आणि नेमकी पोलिसांना सापडली.

फोनवर तू मलाच रसायनशास्त्र शिकवलंस. त्या कागदांत मुरवलेल्या एलएसडीची चार रूपं असतात, चढतं त्यातलं एकच. खरं आहे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त दोन ठिकाणी वळण डावं की उजवं एवढाच फरक. बाकीची तीन नुसती पडून राहतात. "मग अहवालात त्यातलं एखादं लिहून टाक की, ताई. कोण बघतंय?" असं म्हणालास. अर्धवट वाचून मोकळं व्हायची तुझी सवय जात नाही. वळण मी ठरवत नाही रे, यंत्रावर दिसतं.

पण तू रडलास, ते डोक्यातून जाईना. पोलिसांकडून आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तू सांगितलेला कागदावरचा पिवळा पतंग बघून ओळखलं. अशा कागदांचं द्रावण उजेडात खराब होतं, पुरावाच उरत नाही, म्हणून आम्ही ते तपकिरी बाटलीत ठेवतो, पडदे ओढून काम करतो. मंगळवारी मी ते साध्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि पडद्याला हात घातला. माझ्या पोरीसारखी आहे ती. पडदा उघडला नाही मी. तशीच बाटली घेऊन साहेबांकडे गेले आणि म्हटलं, ही माझी भाची आहे, हे काम माझ्याकडून काढून घ्या.

तपासणी दुसऱ्याने केली. चढणारंच रूप निघालं.

आता जे लिहायला सकाळपासून टाळतेय ते लिहिते. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?" गप्प बसता आलं असतं. मी तुझं नाव सांगितलं.

पोलीस तुझ्याकडे येतील, बहुतेक याच आठवड्यात. चिमणीच्या वकिलाला आधी तू भेट, स्वतःसाठी. आणि त्यांच्यासमोर खोटं बोलू नकोस, तुला ते कधीच जमलं नाही.

वहिनीला हे तूच सांग. माझा फोन ती आता उचलणार नाही.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझी ताई